पागेची शाळा

पुण्यातल्या रिक्षावाल्याला ‘एच. एच. सी. पी. हायस्कूल’ सांगून पाहा, तो मागे वळून ‘कुठं आलं ते?’ विचारेल. ‘हुजूरपागा’ म्हणा, मीटर पडलाच. कागदोपत्री नावातली आद्याक्षरं सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांची. पण तोंडात बसलं आहे ते पेशव्यांच्या घोड्यांचं नाव.

पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, आणि त्यातलं घोडदळसुद्धा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. हुजुरांची, म्हणजे खुद्द सरकारची, ती हुजूरपागा. पेशवाई बुडाली, घोडे गेले, जागेचं नाव तेवढं मागे उरलं.

याच जागेवर पुढे मुलींचं हायस्कूल उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आणि वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकारानं 1884 साली ते सुरू झालं. अशी शाळा हवी म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत निवेदन वाचलं ते रमाबाई रानड्यांनी. भर सभेत बाई इंग्रजी वाचते म्हटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये आलं आहे.

घराबाहेरचा विरोध तोलामोलाचा होता. मुलींना इंग्रजी कशाला, दिवसभराची शाळा कशाला, असं टिळकांचं म्हणणं; ‘मराठा’ पत्रातून त्यांनी या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. वाद वरवर वेळापत्रकाचा. खरा मुद्दा, मुलीचा दिवस कोणाच्या मालकीचा? घरच्या कामातून उरेल तेवढाच शाळेला द्यायचा, की शाळेचा वेळ तिचा स्वतःचा धरायचा? शाळा भरत राहिली, हेच त्याचं उत्तर.

ब्रह्मदेशातून एक सात वर्षांची मुलगी इथल्या वसतिगृहात शिकायला आली. तिकडच्या इरावती नदीवरून तिचं नाव ठेवलेलं. मोठेपणी ती बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली आणि तिनं ‘युगान्त’ लिहिलं. त्या इरावती कर्वे.

पटवर्धनांचं नाव दाखल्यावर येतं, पण शिकलेली बाई मात्र साठीतही ‘मी हुजूरपागेची’ असंच सांगते. बारगिराचा घोडा सरकारी असायचा. हिनं इथून नेलेलं मात्र सगळं हिचं स्वतःचं.