दुर्मिळ मोटारीचें मोल

कारखान्यांतून बाहेर पडलेली मोटार वर्षागणिक स्वस्त होत जाते, असा आपला नेहमींचा अनुभव आहे. इटलींतील फेरारी कारखान्याच्या ‘२५० जीटीओ’ या शर्यतीच्या मोटारीनें हा नियम उलटा करून दाखविला. १९६२ ते १९६४ या काळांत तिच्या अवघ्या ३६ गाड्या निघाल्या. तीन लिटरचें, १२ सिलिंडरांचें इंजिन आणि कारागिरांनीं हातानें ठोकून घडविलेलें ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें अंग, हें तिचें वैभव. शर्यतींत नव्या गाड्या येतांच ती जुनी ठरली आणि कांहीं काळ थोडक्या पैशांत मिळूं लागली. पुढें २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलावांत तिच्यांतील एका गाडीला ४ कोटी ८४ लक्ष डॉलर आले.

हें मोल केवळ दुर्मिळतेचें नव्हे. थोड्या संख्येनें निघालेल्या इतर कित्येक मोटारी विस्मृतींत गेल्या. जीटीओचें चरित्र मात्र गाडीच्या क्रमांकानिशीं सांगतां येतें : ती कोणत्या शर्यतींत धांवली, कोणीं चालविली, कोठें आपटली. म्हणूनच रसिक तिचा सांगाडा व इंजिन मूळचें आहे काय, हें आधीं पाहतात. नवा पत्रा चढवून ती चकचकीत करितां येते. परंतु त्याबरोबर तिच्या चरित्राचा पुरावा नाहींसा होतो आणि मोलहि उतरतें.