नशा आणि आरोग्य – लेखांक ७ : लाल गोळीचा इशारा

एमडीएमए, म्हणजे पार्ट्यांमधली एक्स्टसी, शरीरात काय उलथापालथ करते हे मागच्या लेखांकात पाहिलं. ही माहिती गोळी घेणाऱ्यापर्यंत पोचवली तर नशेला उत्तेजन मिळेल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मला वाटतं, ती न पोचवल्याने माणसं मरतात. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून व्यसनोपचार केंद्रांतून एक सरकारमान्य तपासणी यंत्रणा चालते. नाव न सांगता कुणीही आपल्याजवळची गोळी तिथे तपासायला देऊ शकतो. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे सुपरमॅनचं चिन्ह उमटवलेली एक लालसर गोळी आली. एक्स्टसी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या गोळीत प्रयोगशाळेला सापडलं पीएमएमए. हे रसायन उशिरा चढतं. बराच वेळ काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो; मग दोन्ही एकदम भिनतात आणि शरीराचं तापमान जीवघेणं वाढतं. डच यंत्रणेने टीव्हीसह सगळीकडून देशभर इशारा दिला. तिथे या गोळीने कुणी दगावल्याची नोंद नाही. ब्रिटनमध्ये अशी राष्ट्रीय व्यवस्था नव्हती. नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत त्याच गोळीने तिथले चार जण गेले.

एका घटनेवरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. पण एमडीएमए दोन्ही देशांत बेकायदाच होतं आणि आजही आहे. म्हणजे तपासणी करणं म्हणजे परवानगी देणं, हा आक्षेप इथेच गळून पडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : तपासलेली गोळी लोक निर्धोक समजतील. धोका खरा आहे, म्हणूनच डच केंद्रं कुठल्याही गोळीला सुरक्षित म्हणत नाहीत. शुद्ध गोळीही मारू शकते. १९९० च्या दशकात गोळीत एमडीएमए साधारण ५० ते ८० मिलिग्रॅम असे. पुढे युरोपच्या बाजारात दीडशेच्या वरच्या गोळ्या सर्रास मिळू लागल्या. घेणाऱ्याला आकडा कळला, तर निदान एका गोळीत दोन गोळ्यांचा माल आहे एवढं तरी त्याला उमगतं, आणि काही जण ती घेतही नाहीत.

माहिती मात्र पुरी हवी, कारण अर्धवट सल्लाही घातक ठरतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समध्ये १८ वर्षांच्या एका मुलीने वाढदिवसाच्या पार्टीत गोळी घेतली आणि सुमारे दीड तासात जवळपास सात लिटर पाणी प्यायली. नाचताना पाणी पीत राहा, हा सल्ला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. पण एमडीएमएमुळे पाणी शरीरात रोखून धरणारं संप्रेरक वाढतं. लघवी होत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. ती मुलगी त्यातच गेली. खरा सल्ला असा : घाम गाळत नाचणाऱ्याने घोट-घोट पाणी घ्यावं, मधूनमधून गार जागी बसावं, नुसतं बसलेल्याने ढसाढसा पाणी पिऊ नये. आणि अंग भाजत असेल, माणूस बरळत असेल किंवा झटके येत असतील, तर तो झोपून उठला की बरा होईल असं म्हणत थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

‘हे परदेशात ठीक, आपल्याकडे चालणार नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी आपलाच एड्स नियंत्रण कार्यक्रम पाहावा. मणिपूरमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही वणव्यासारखा पसरल्यावर नव्या सुया देणं हे सरकारी धोरण झालं, आणि आज देशात अशा लोकांना सुया आणि हेरॉइनऐवजी घ्यायचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दोन्ही सरकारी कार्यक्रमातून मिळतात. म्हणजे नशा करणाऱ्याची निदान हानी तरी कमी करावी, हे तत्त्व आपण कधीच स्वीकारलं आहे. पार्टीत गोळी घेणाऱ्या पोरांपर्यंत ते आलेलं नाही, एवढंच. त्यांच्या आणि मदतीच्या आड येते ती मुख्यतः पोलिसांची धास्ती. मित्र कोसळला तरी रुग्णवाहिका बोलवायला हात धजत नाहीत, बोलावली तरी काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवलं जातं, आणि डॉक्टर अंधारात उपचार करतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं ६४ अ हे कलम स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं, पण आयुष्यात पहिल्यांदा गोळी घेऊन बेशुद्ध पडलेला कॉलेजकुमार व्यसनाधीन नसतो, आणि त्याला उचलून आणणाऱ्या मित्राचा त्या कलमात उल्लेखच नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये असं संरक्षण दिलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने अतिनशेच्या बाबतीत ते २००७ मध्येच दिलं आणि इतर बहुतेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. आपल्या कायद्यात त्यासाठी एका पोटकलमाची भर पुरेशी आहे.