शिक्षापद आणि विडी : निराधार माजी सैनिकांची तंबाखूमुक्ती

पंचशीलातील पाचवे शील मद्य व प्रमादास कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून विरत राहण्यास सांगते. त्यात तंबाखूचे नाव नाही, कारण ती पोर्तुगीजांमार्फत भारतात आली ती भगवान बुद्धांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. तथापि जी वस्तू मनुष्यास तृष्णेचा दास बनविते तिचा त्याग हा शीलाचाच भाग होय, असे आम्ही मानतो.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली. तेव्हापासून लष्करी सेवा हा आपल्या अनेक कुटुंबांचा अभिमान आहे. परंतु सैनिकी जीवन आणि धूम्रपान यांची सांगड जगभर जुनी आहे. अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात १९७५ पर्यंत सिगारेटी असत. सेवेत जडलेली सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यात घर तुटले, तर विडी हीच सोबत होते. ती भूक मारते आणि रात्र सरविते. बेघर होणे म्हणजे काय, हे नरखेड तालुक्यास सांगावयास नको. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरात मोवाड उद्ध्वस्त झाले, ते अजून कोणी विसरलेले नाही.

निकोटिन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. विडी सोडताच चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतो. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वाधिक असतो व काही आठवड्यांत ओसरतो. बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावे लागतात. येथेच धम्माचा एक अर्थ उपयोगी पडतो. शील ही आज्ञा नसून शिक्षापद आहे, स्वेच्छेने घेतलेला अभ्यास आहे. तो मोडला तर पुन्हा ग्रहण करावयाचा असतो. म्हणून पुन्हा विडी ओढणाऱ्यास हिणविणे हे करुणेस धरून नाही.

आधी घर, मग व्यसनमुक्ती, असा क्रम लावू नये. दोन्ही कामे एकत्र चालावीत. नरखेड स्थानकाच्या फलाटावर वा बसस्थानकाच्या ओट्यावर असा कोणी आढळल्यास विहाराने त्यास बसावयास जागा द्यावी आणि त्याचे सेवामुक्तीचे कागद व औषधे सांभाळून ठेवावीत. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी त्याची गाठ घालून द्यावी. निकोटिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. ती सतत न चघळता थोडी चावून गालात धरावयाची असते. १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. त्यासाठी विहारातील दूरध्वनी उपयोगी पडेल.

विडी सुटून खर्रा लागू नये, हेही पाहिले पाहिजे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. तेव्हा उपासकांनी प्रथम स्वतःची पुडी टाकावी. खर्रा चघळणाऱ्याने विडी सोडण्याचा उपदेश केला, तर तो कोण ऐकणार?