उतरण्याची विद्या आणि हलकेपणाचा हव्यास

अमेरिकेतील तिरंदाज शिकारी झाडावरून खाली येण्यासाठी दोराचा आधार घेऊ लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. तरीही अलीकडे ही पद्धत ज्या रूपाने विकली जात आहे ते पाहता तिच्या घडणीच्या दशकाची नोंद करणे भाग आहे, कारण त्या दशकात कष्टाने शिकलेले बरेचसे आज अनावश्यक ओझे म्हणून बाजूला टाकले जाते.

दोरावर वजन सोडून, घर्षणाने वेग आवरत खाली येणे, म्हणजेच रॅपलिंग, हे मूळचे गिर्यारोहकांचे तंत्र असून त्याचे श्रेय सामान्यतः शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले आणि त्याच्या १८७० च्या दशकातील चढायांना दिले जाते. वजन पडताच दोराला आवळून धरणारी प्रुसिक गाठ १९३१ मध्ये पुढे आली, झाडांची छाटणी करणाऱ्या व्यावसायिकांनी दोरावरच्या हालचालींचे स्वतंत्र शास्त्र उभे केले आणि १९८३ मध्ये पीटर जेंकिन्स यांनी अटलांटा येथे हौशी वृक्षारोहणाची संस्था काढली. शिकारी मात्र या साऱ्यापासून दूरच राहिले. पांढऱ्या शेपटीच्या हरिणाची वाट पाहत खोडाला अडकवलेल्या मचाणावर, म्हणजे ट्रीस्टँडवर, बसायचे आणि कमरेच्या एका पट्ट्यावर भरवसा ठेवायचा, ही रीत दीर्घकाळ चालली. पुढे संपूर्ण शरीराला वेढणारा हार्नेस आला, तो अनेकांनी खोक्यातच ठेवला, आणि या वर्षांविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे थोडेच आहे.

खरा बदल २०१० नंतरच्या दशकात झाला. सॅडल, म्हणजे बसणाऱ्याला झोळीसारखी पेलणारी आणि एका दोराने खोडाला बांधलेली रुंद पट्ट्याची बैठक, तेव्हा नवी नव्हती. मिशिगनमधील शिकारी-लेखक जॉन एबरहार्ट १९८१ पासून अशाच बैठकीतून शिकार करीत आले होते. परंतु दशकाच्या पूर्वार्धात बाजारात सॅडल सहजासहजी मिळत नसे, त्यामुळे हौशी मंडळी घरच्या शिवणयंत्रावर पट्टे शिवत आणि गिर्यारोहकांचा हार्नेस वा वृक्षछाटणीची साधने आपल्या गरजेला जुळवून घेत. मचाणावर बसणाऱ्या बहुसंख्यांनी त्यांची थट्टा केली. याच बहुसंख्यांपैकी कित्येकांनी पुढे सॅडलच्या जाहिरातीत झळकावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. स्वतः शिवलेल्या पट्ट्यावर स्वतःचा जीव टांगणारा माणूस प्रत्येक टाका आणि प्रत्येक गाठ तपासतो, आणि ही तपासणीची सवय हेच त्या दशकाचे खरे धन होते.

उतरण्याचा प्रश्नही याच मंडळींनी गांभीर्याने हाताळला. झाडावरून पडण्याच्या घटना बसलेले असताना कमी आणि चढता-उतरताना अधिक घडतात. त्यातही शिकारी उतरतो तो बहुधा अंधार पडल्यावर, थंडीने बोटे आखडलेली असताना, आणि बाण लागला असेल तर त्या उत्तेजनेच्या भरात. म्हणून धनुष्य आधी दोरीने खाली सोडायचे, जिवंत आणि भक्कम खोडाभोवती दोराचा आवळता फास घालायचा, शक्य तेथे तो फांदीच्या वर बसवायचा, आणि उतरण्याचे साधन दोरात ओवून त्यावर पूर्ण वजन देऊन पाहिल्याखेरीज बैठकीचा मूळ दोर, म्हणजे टेदर, सोडायचा नाही, असा क्रम ठरला. साधनाच्या खाली दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घेऊन ती सॅडलला जोडली म्हणजे हात सुटला तरी ते वेढे आवळतात. या सोयीला ऑटोब्लॉक म्हणतात. दोराचे टोक जमिनीपर्यंत पोहोचले आहे याची खात्री करायची, शिवाय टोकाला गाठ मारायची. उतरताना मध्येच पायरीवर उभे राहून दोर सैल पडू द्यायचा नाही, कारण गुळगुळीत सालीवर ताण सुटलेला फास घसरू शकतो. खाली आल्यावर फासाला बांधलेली वेगळी दोरी ओढली की तो मोकळा होऊन दोर हाती येतो. अनेक सार्वजनिक वनांत खोडात स्क्रू वा खिळे ठोकण्यास मनाई असल्याने, मागे काहीही न ठेवणारी ही पद्धत विशेष सोयीची ठरली.

२०१८ मध्ये टेथर्ड ही कंपनी निघाली, तिच्यामागून इतर आल्या, आणि सॅडल घरोघरी पोहोचले. शिवण सुधारली, साहित्य सर्वांना मिळू लागले, हा लाभ नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर वजन कमी करण्याची चढाओढही आली. एकच पायरी पुन्हापुन्हा वर सरकवत चढायचे आणि दोरावरून उतरायचे, या रीतीत दोर पाठीवर वाहावा लागतो, म्हणून तो ८ मिलिमीटरपर्यंत बारीक झाला. बारीक दोर स्वतः दुबळा असतो असे नव्हे. ॲरॅमिड तंतूंचे आवरण असलेला दोर घर्षणाची उष्णताही चांगली सोसतो. अडचण जोडीची आहे. प्रत्येक साधन ठरावीक जाडीच्या दोरासाठी बनते. १९९१ मध्ये आलेले मूळ ग्रिग्री हे आपोआप आवळणारे साधन सुमारे १० ते ११ मिलिमीटर दोर गृहीत धरून घडवलेले होते, आणि अशा साधनात बारीक दोर घातला तर तो अपेक्षेप्रमाणे पकडला जाईलच याची हमी कोणी देत नाही. ही मर्यादा माहितीपत्रकात छापलेली असते. दोन मिनिटांच्या चित्रफितीत ती सहसा सांगितली जात नाही.

सह्याद्रीतील शिबिरांत रॅपलिंग शिकलेल्या मराठी वाचकाला येथील उणीव चटकन उमगेल. तेथे नवख्याला सहसा दुसऱ्या सुरक्षादोरावर घेतले जाते आणि गाठ तपासणारा प्रशिक्षक शेजारी असतो. अमेरिकी शिकारी एकटा असतो, म्हणजे दुसऱ्या दोराची आणि दुसऱ्या डोळ्यांची जागा त्याच्या बाबतीत ऑटोब्लॉकलाच भरून काढावी लागते. नेमकी तीच दोरी, जिचे वजन धनुष्याला लावलेल्या एका बाणाहून फारसे अधिक नसते, आज हलकेपणाच्या हिशेबात सर्वप्रथम वगळली जाते, आणि वगळणाऱ्यालाच अनुभवी समजण्याची प्रथा पडली आहे.