मावळातलं घर आणि छपराचं गणित

‘लोणावळ्याचं फार्महाऊस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्विमिंग पूल, हिरवळ आणि वीकएंडची पार्टी येते. पण फार्महाऊस म्हणजे खरं तर शेतकऱ्याचं घर! आणि तशी जुनी घरं मावळात अजून आहेत. सिव्हिलवाल्यांनी ती एकदा तरी नीट बघावीत. आपल्या स्ट्रक्चर्सच्या पेपरातला बराचसा भाग तिथे आयता बघायला मिळतो.

सुरुवात पावसापासून करू. पुण्यात वर्षाला सरासरी साताठशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटर. त्यामुळे घाटमाथ्याकडच्या घरात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर छप्पर. बाकीचं घर म्हणजे त्या छपराखाली केलेली सोय. उंच दगडी जोतं, पुढे ओसरी, आत माजघर, कडेला गोठा आणि वर भाताची पोती ठेवायला माळा. भिंती दगड-मातीच्या, नाहीतर कारवीच्या कुडावर माती लिंपलेल्या. मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. म्हणून छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढायचं आणि पागोळ्या जोत्याच्या बाहेर पाडायच्या.

आता उतार किती द्यायचा? समजा दोन वासे वर एकमेकांना टेकवले आणि खाली भिंतींवर ठेवले. छपराचं एकूण वजन W धरलं, तर प्रत्येक वासा भिंतीला बाहेर ढकलतो. ते आडवं बल येतं W भागिले (४ टॅन थीटा). उतार ३० अंश असेल तर ०.४३ W, १५ अंश असेल तर ०.९३ W. म्हणजे उतार निम्मा केला की धक्का दुपटीच्या वर जातो! दगड-मातीची भिंत दाब छान सोसते, पण बाजूचा धक्का तिला सोसत नाही. आमच्याकडच्या सुताराने यावर साधा उपाय काढला. घराच्या मधोमध उंच खांब, म्हणजे मेढी, उभ्या केल्या आणि आढं त्यांच्यावर ठेवलं. आढ्याचं वजन सरळ जमिनीत गेलं आणि भिंतींवरचा ताण कमी झाला. ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण सुताराने केली नसेल, पण त्याला ती नक्की पटली असती.

ही विद्या किती जुनी, ते बघायचं तर मळवली स्टेशनला उतरून भाज्याच्या लेण्यात जा. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला चैत्य आहे. आतले खांब चक्क आतल्या बाजूला कललेले दिसतील. अखंड कातळात खांब कलते ठेवायची गरजच नाही. पण लाकडी इमारतीत कमानदार छप्पर बाहेर ढकलतं, म्हणून खांब आत कलवतात. पाथरवटाने सुताराची ती सवय दगडात तशीच उतरवली. शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात तर छताला लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत.

जुन्या पद्धतीकडे नव्याने कसं बघावं, याचं एक उदाहरण लोणावळ्यातच आहे. आर्किटेक्ट नारी गांधी (१९३४-१९९३) यांनी इथे काम केलं. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते अमेरिकेत फ्रँक लॉईड राइट यांच्याकडे राहिले. परत आल्यावर ड्रॉइंगवर भर न देता साइटवर गवंडी-सुतारांबरोबर उभं राहून दगड, वीट, लाकूड यांतून घरं घडवली. त्यांनी खेड्यातल्या घराची नक्कल केली नाही, पण कारागिराच्या हातावर विश्वास मात्र तसाच ठेवला.

आता उलटं चित्र. २००२ साली एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि मावळात बंगल्यांचं पीक आलं. त्यातल्या कित्येकांवर ‘गावरान लूक’ म्हणून काँक्रीटच्या स्लॅबवर सिमेंटमध्ये कौलं चिकटवलेली असतात. खऱ्या कौलारू छपरात कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते. इथे कौल म्हणजे नुसता मेकअप.

हे सगळं मी अलिप्तपणे लिहीत नाहीये. आमचं कामशेतजवळचं घर या वर्षी पाडायचं घाटतंय. चुलतभावाचं म्हणणं, “दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस कुठून आणायचा? स्लॅब टाकू, उद्या वर मजला चढवता येईल.” त्याचं चूक नाही. शिवाय १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंतींनी किती जीव घेतले, हे आपण शिकलोय. भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटे झाले, कारण त्यांना बांधणारे आरपार दगडच नव्हते. म्हणून मी घरी सुचवलंय, की भिंती नव्या विटांच्या, काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधलेल्या घेऊ. पण जोतं, मेढी, आढं आणि पुढे आलेलं छप्पर ठेवू. काकांनी “बघू” म्हटलंय. आमच्याकडे ‘बघू’चे दोन्ही अर्थ होतात!

तुमच्याही गावी असं घर असेल तर पाडायच्या आधी एक दिवस टेप घेऊन जा. जोत्याची उंची, दोन खांबांमधलं अंतर, छपराचा उतार, सगळं कागदावर उतरवा. आणि ते बांधणारा सुतार हयात असेल, तर आधी त्याच्याकडे बसा. माप नंतरही घेता येईल, तो मात्र लायब्ररीत सापडायचा नाही.