'राइट' या शब्दाच्या आगेमागे

मागच्या व्याख्यानात आपण कर्तव्य या कल्पनेबद्दल बोललो. त्यानंतर नांदेडहून ऐकणाऱ्या एका वकीलबाईंचा प्रश्न आला. त्या म्हणतात, सर, इंग्रजी कागदात 'राइट' हा शब्द चार-चार ओळींना भेटतो. मराठी करताना आम्ही कुठे हक्क लिहितो, कुठे अधिकार लिहितो. याला काही नियम आहे का? प्रामाणिक उत्तर असं की नियम नाही. पण नियम नाही म्हणून फरकही नाही, असं मात्र समजू नका. आजचा तास त्या फरकासाठी.

आधी आपले दोन शब्द बघू. 'हक्क' हा मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ सत्य, आणि ज्याचं त्याला पोचतं करावं असं देणं. 'हकिकत' त्याच कुळातला. 'नाहक' म्हणजे न्यायाला सोडून. हकनाक गेला, असं आपण म्हणतो तेव्हाही हाच शब्द तोंडात असतो. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूतून चालायचा. त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. बांधावरच्या भांडणात तोच येतो. 'माझा अधिकार आहे' असं बांधावर कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

'अधिकार' हा संस्कृत. पूर्वमीमांसेत जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकारावर आहे. तिथे प्रश्न काय, तर यज्ञ करायला आणि त्याचं फळ घ्यायला पात्र कोण? उत्तर देताना शूद्राला बाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे अधिकार ही पात्रता आहे, आणि ती शास्त्राने वरून ठरवलेली आहे. पुढे त्याच शब्दाला सत्तेचा अर्थ चिकटला आणि 'अधिकारी' तयार झाला. आता गंमत बघा, माहितीचा अधिकार बजावायचा तर अर्ज कुणाकडे करायचा? जन माहिती अधिकाऱ्याकडे! एका वाक्यात शब्द एकच, पण एकाच्या हातात मागणी आणि दुसऱ्याच्या हातात शिक्का.

संविधानाचा हिंदी पाठ 'मूल अधिकार' म्हणतो, मराठी पाठ 'मूलभूत हक्क' म्हणतो. मला मराठीची निवड अधिक योग्य वाटते. मानवी हक्क आयोग, २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम, इथे आपण ती पाळली. २००५ च्या माहितीच्या कायद्यात मात्र अधिकार आला. असो.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीतही हा शब्द साधा नाही. वेस्ली होफेल्ड नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १९१३ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, न्यायाधीश 'राइट' म्हणतात तेव्हा चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक, मागणी: माझं येणं आहे आणि ते देणं तुझं कर्तव्य आहे. दोन, मोकळीक: मी अमुक केलं तर ते करू नये असं माझ्यावर बंधन नाही. तीन, शक्ती: माझ्या सहीने तुझी कायदेशीर स्थिती बदलते. चार, अभय: तुझ्या सहीने माझी स्थिती बदलू शकत नाही. हे चार नीट ओळखायचे तर 'राइट' या शब्दाकडेच बघून भागत नाही, त्याच्या आगेमागे कोणते शब्द आलेत ते बघावं लागतं. आणि भाषांतरात नेमके तेच गळतात.

सगळ्यांनी पाहिलेली पाटी घ्या. हॉटेल, लॉज, मंगल कार्यालय. 'राइट्स ऑफ अॅडमिशन रिझर्व्हड'. खाली मराठीत लिहितात, 'प्रवेशाचे हक्क राखीव'. मराठी वाचून काय कळतं? प्रवेशाचा हक्क, म्हणजे आत जाणाऱ्याचा हक्क. इंग्रजीत 'अॅडमिशन' म्हणजे आत घेणं, आणि हा राइट मालकाचा आहे: कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवीन. होफेल्डच्या भाषेत ही मोकळीक झाली, तुम्हाला आत घेण्याचं बंधन माझ्यावर नाही. पण ती अमर्याद नाही. संविधानाचा अनुच्छेद १५(२) सांगतो, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. विहिरी आणि तळीही त्याच अनुच्छेदात आहेत. तळं म्हटलं की १९२७ चं महाड आठवणारच. अस्पृश्यतेच्या कारणावरून असं अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा मालकाने पाटी कितीही मोठ्या अक्षरांत रंगवली, तरी इथे त्याची मोकळीक संपते आणि तुमची मागणी सुरू होते.

'ऑल राइट्स रिझर्व्हड' थोडक्यात सांगतो. आपली पुस्तकं 'सर्व हक्क सुरक्षित' छापतात. रिझर्व्हड म्हणजे सुरक्षित नव्हे, स्वतःकडे राखून ठेवलेले. पुस्तकाची प्रत तुम्हाला विकली, नक्कल काढण्याचा हक्क विकला नाही, एवढाच अर्थ. 'राखीव' किंवा 'स्वाधीन' हे शब्द बरे. आणि भारतात ती ओळ छापली नाही तरी लेखकाचा हक्क जात नाही.

तिसरा प्रयोग खरेदीखतातला: 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट'. तीन शब्द एका दमात आले की ऐकणाऱ्याला वाटतं, व्यवहार तिप्पट पक्का! कोर्टाच्या लिलावात याचा अर्थ जवळजवळ उलटा असतो. ऋणकोचा त्या मिळकतीत जो काही हक्क, मालकी, हितसंबंध असेल, तेवढाच विकला. निम्मा असेल तर निम्मा. काहीच नसेल तर? तर काहीच नाही. या तिन्ही शब्दांवर 'असेल तेवढा' याची सावली आहे, आणि मराठी जाहिरातीत ती सावली दिसत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती लागू झाली. कलम ६ म्हणतं की मुलगी जन्मतः, मुलाप्रमाणेच, 'इन हर ओन राइट' सहदायाद होते. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतली जन्माने हिस्सेदार. 'इन हर ओन राइट' हा इंग्रजीतला जुना प्रयोग. राजाची बायको म्हणून जी राणी होते ती वेगळी, आणि एलिझाबेथ दुसरी वडिलांच्या मागून गादीवर बसली ती वेगळी. दुसरी स्वतःच्या हक्काने राणी. आपल्याकडे पाटलाची बायको ती पाटलीणबाई, हे नवऱ्याकडून आलेलं. निवडून आलेली सरपंचबाई स्वतःच्या हक्काने सरपंच. खुर्चीवर तिचा नवरा बसलेला दिसतो, तो भाग वेगळा. म्हणजे या चार शब्दांत कायद्याने सांगितलं, की हा हिस्सा भावाने मनाचा मोठेपणा दाखवून दिलेला नाही, हुंड्याच्या बदल्यात नाही, सासरच्या नात्याने नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही, कारण हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

आता सातबारा काढा. गाव नमुना सातवर शीर्षक असतं 'अधिकार अभिलेख पत्रक'. हे 'रेकॉर्ड ऑफ राइट्स'चं मराठी. त्यात भोगवटादाराचं नाव एका जागी, आणि 'कूळ, खंड व इतर अधिकार' असा दुसरा रकाना. बोलताना सगळे त्याला 'इतर हक्क' म्हणतात. तिथे बँकेचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो. बोजा हक्कात कसा, असं विद्यार्थी विचारायचे. बँकेचा हक्क तोच शेतकऱ्याचा बोजा. होफेल्ड समजवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

पण वडील गेल्यावर वारसनोंद व्हायची तेव्हा कित्येक ठिकाणी भावांची नावं भोगवटादारात आणि बहिणींची याच 'इतर' रकान्यात, बँकेच्या बोजाशेजारी लागली. कायदा म्हणतो स्वतःच्या हक्काने, कागद म्हणतो इतर हक्कात. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. नोंदीने मालकी ठरत नाही, हे न्यायालयं सांगत आली आहेत. मात्र उलट सिद्ध करण्याचं ओझं बहिणीच्या डोक्यावर येतं, आणि माहेरच्या माणसांविरुद्ध कचेरीत उभं राहणं किती बायकांना जमतं?

पुढचा कागद हक्कसोडपत्राचा. यालाही 'अधिकारसोडपत्र' कोणी म्हणत नाही, कारण सोडायची आहे ती मागणी, पात्रता नव्हे. दिवाळीला किंवा लग्नकार्याला बहीण माहेरी आली की हा कागद तयार असतो. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' हे शब्द मसुद्यात आधीच टाईप केलेले. सोबत तोंडी समजूत अशी, की बाई, तुझा तसाही यात काही हक्क नाही, तलाठ्याच्या कामाला लागते म्हणून सही कर. आता तर्काने बघा. जो हक्क नाही तो सोडणार कसा? हक्क नसता तर भावाला तिची सही लागली नसती. वडील हयात आहेत आणि मिळकत त्यांनी स्वतः कमावलेली आहे, तर तिथे मुलीकडे आज फक्त वारस होण्याची शक्यता असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तशी शक्यता हस्तांतरित करता येत नाही, भावाचीही नाही आणि बहिणीचीही नाही. वडिलोपार्जित असेल, तर तिच्याकडे खरोखरच हक्क आहे, आणि म्हणूनच तो कागद पुढे केला जातो.

वकीलबाईंना उत्तर: 'इन हर ओन राइट'चं मराठी करताना 'स्वतःच्या हक्काने' असं लिहा, 'स्वतःच्या' हा शब्द गाळू नका. आणि हक्कसोडपत्र वाचून दाखवताना बहिणीला आधी हे सांगा, की या कागदाच्या पहिल्याच ओळीत भावांनी तुझा हक्क मान्य केलेला आहे. मग तिला वेळ द्या. सही करायची की नाही, ते ती ठरवील.