सोन्याच्या ओढ्याकाठचे रान

मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या पट्टीत कोस्टा रिका नावाचा एक चिमुकला देश आहे. आपल्या महाराष्ट्राचे सहा भाग केले तर त्यातला एक भाग होईल एवढाच. पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला पॅसिफिक महासागर. १९४८ साली या देशाने आपले लष्करच मोडून टाकले आणि तेव्हापासून तो सैन्याशिवाय सुखाने नांदतो आहे. या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, महासागरात घुसलेल्या आकड्यासारखे, ओसा नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाशी, दाट पावसाळी अरण्यात, एका टेकडीवरच्या लॉजमध्ये आम्ही उभयतांनी २०२३ सालच्या ऑगस्टात सहा रात्री काढल्या.

आता पुण्याचा पेन्शनर माणूस एवढ्या लांबच्या रानात कशाला कडमडला, असे आपण विचाराल. त्याचे श्रेय चिरंजीवांना. ते ह्यूस्टनला असतात. माझी साठी त्यांना शांत करता आली नव्हती, म्हणून पाच वर्षांनी त्यांनी ही सहल आमच्या पदरात टाकली. "बाबा, तुम्ही लहानपणच्या कोकणातल्या रानाच्या गोष्टी सांगता ना, मग आता खरे रान पाहा," असे वर ऐकवले. ऑगस्ट म्हणजे तिकडेही पावसाळाच. पण पावसाळ्यात दर उतरतात, हे त्याने नंतर सांगितले.

राजधानी सान होसेहून एक छोटेसे विमान पोर्तो हिमेनेस या गावी जाते. विमान इतके लहान की सामानाबरोबर उतारूंचेही वजन करतात. सौ.ना चारचौघांत काट्यावर उभे राहावे लागले, तो प्रसंग मी विसरायचे कबूल केले आहे. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि तिला लागूनच गावचे कब्रस्तान. ही सोय पाहून सौ.नी हात जोडले. तिथून पुढे जीपगाडी. रस्ता कच्चा, वाटेतल्या ओढ्यांवर पूल नाहीत. गाडीवान ओढ्याशी थांबतो, पाण्याचा रंग पाहतो, मनाशी काही ठरवतो आणि गाडी आत घालतो. वीस किलोमीटरला तास-सव्वा तास लागला.

लॉज म्हणजे हॉटेल अशी समजूत करून गेलो होतो, ती दारातच गळून पडली. खोलीला तीन बाजूंनी भिंतच नव्हती, नुसती बारीक जाळी. वर माडासारख्या झाडाच्या झावळ्यांचे छप्पर, अगदी आपल्या कोकणातल्या मांडवासारखे. खाली अरण्याचा हिरवा उतार आणि उताराच्या पायथ्याशी पॅसिफिक. दिवा सूर्याच्या विजेवर, तोही बेताचा. पावणेसहाला सूर्य बुडाला की रानाचा आवाज सुरू होई. किड्यांची किरकिर, बेडकांची टकटक आणि या सगळ्याखालून समुद्राची अखंड घरघर. पहिली रात्र आम्ही दोघांनी छपराकडे पाहत काढली.

पहाटे साडेचारला तर एखादा राक्षस घोरावा तसा आवाज उठला. एकाला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने उत्तर दिले. ही आरोळी मारणारी माकडे. अंगाने फार मोठी नसतात, पण गळ्यात हाडाची पोकळ पेटीच असते, त्यामुळे आवाज मैलामैलांवर जातो. ओसात माकडांच्या चार जाती आहेत. आम्ही चारही पाहिल्या. त्यातले खारीएवढे वाटणारे पिवळसर माकड फारच गोजिरवाणे.

पण सर्वांत मोठा अचंबा वाटला तो समुद्रकाठी. लाल, पिवळे आणि निळे असे भडक रंगांचे मकाव पोपट जोडीजोडीने येऊन एका झाडावर बसत होते आणि त्याची फळे फोडून खात होते. झाड कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. आडव्या मजल्यांसारख्या फांद्या, रुंद पाने, काही पाने लालभडक. अहो, हा तर आपला बदाम! मुंबईच्या गल्लोगल्ली उभा असतो, ज्याची फळे दगडाने फोडून आम्ही लहानपणी खाल्ली, तोच. वाटाड्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "हे झाड इथले नव्हे. तुमच्याच बाजूच्या समुद्राकाठचे. माणसांनी आणले, आणि आता पोपटांचे त्याच्यावाचून चालत नाही." देशात इतरत्र हे पोपट पिंजऱ्यांसाठी धरले गेले आणि जंगलतोडीने दुर्मिळ झाले. ओसात मात्र ते टिकले. त्या मुलखातली झाडे आपण तरी कमी का आणली? काजू, पपई, पेरू, अननस, मिरची, सारे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांनी काजू गोव्यात उतरवला नसता तर कोकणी माणसाने मे महिन्यात काय केले असते कोण जाणे.

आणखी एक ओळखीची खूण पटली. ज्या टोकाजवळ आमचा मुक्काम होता त्याचे नाव मातापालो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ झाड मारणारा. पक्ष्याच्या विष्ठेतून एखाद्या झाडाच्या बेचक्यात बी पडते, तिथून मुळे खाली सोडीत ते रोप यजमान झाडाला विळखा घालते आणि पुढे शंभर वर्षांनी आतले झाड कुजून नाहीसे होऊन बाहेरची जाळीच खोड बनते. आपल्या वडापिंपळांचा हा भाऊबंद. एका अशा झाडाच्या पोकळीत सौ. आत उभ्या राहिल्या आणि वर पाहून म्हणाल्या, "वाड्याच्या जिन्यासारखं आहे हो." मला तरी यापेक्षा चांगले वर्णन सुचत नाही.

जेवणाचे सांगायचे तर सकाळी भात आणि काळ्या घेवड्याची उसळ एकत्र परतलेली. तिचे नाव गाय्यो पिंतो, म्हणजे ठिपक्यांचा कोंबडा, पण कोंबड्याचा तिच्याशी संबंध नाही. दुपारच्या थाळीचे नाव कासादो, म्हणजे लग्न झालेला पुरुष! भात, उसळ, कोशिंबीर, तळलेली केळी, असे रोज तेच ते ताटात येते म्हणून हे नाव पडले असावे, असे मला वाटले. सौ.ना वाटले नाही. जेवण चवदार, पण तिखटाच्या नावाने शून्य. मिरचीच्या मायदेशात आम्ही पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी भातावर घेत होतो.

रानात फिरताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सक्तीचे. कारण तेर्सिओपेलो. या शब्दाचा अर्थ मखमल, आणि तो आहे एका अत्यंत विषारी सापाचे नाव. पाचोळ्यात तो मखमलीच्या तुकड्यासारखाच मिसळून जातो. त्याच्या दंशावरील लस त्याच देशात तयार होते. क्लोदोमिरो पिकादो या शास्त्रज्ञाच्या नावाने १९७० साली निघालेली संस्था ती बनवते. आपल्या परळच्या हाफकिनची आठवण झाली. आम्हाला साप दिसला नाही, याबद्दल वाटाड्याला वाईट वाटत होते, आम्हाला नाही.

दिसल्या त्या मुंग्या, आणि त्या मी तासभर पाहिल्या. वाटेवर बोटभर रुंदीची हिरवी रेघ सरकत होती. जवळ जाऊन पाहावे तो प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर छत्रीसारखा धरलेला पानाचा तुकडा. मला वाटले, खायला नेत असतील. तसे नाही. या मुंग्या पाने खातच नाहीत म्हटले तरी चालेल. वारुळात नेऊन ती चावून त्यांचे खत करतात, त्यावर एक प्रकारची बुरशी लावतात आणि त्या बुरशीवर सगळे वारूळ पोसतात. म्हणजे ही शेतीच. माणसाने नांगर धरला त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीची. काही पानांवर अगदी बारीक मुंग्या स्वार होऊन बसल्या होत्या. त्या फुकट्या नव्हेत, ओझेवाल्या मुंगीवर अंडी घालायला येणाऱ्या माशांना हुसकवायला नेमलेल्या राखणदार. सौ. दोनदा हाक मारून गेल्या, तरी माझा पाय निघेना.

आता त्या वाटाड्याविषयी. वय त्रेचाळीस, बांधा ठेंगणा, डोळे असे की चाळीस हातांवरच्या पानाखालचा बेडूक त्याला दिसावा. चौथ्या दिवशी पावसाने जोर धरला. आम्ही एका ओढ्याकाठी आडोशाला थांबलो होतो. त्याने ओढ्यात हात घालून मूठभर रेती काढली, तळव्यावर गोल गोल फिरवली, पाणी सोडीत गेला आणि शेवटी चिमूटभर काळी रेती उरली. तिच्यात सुईच्या टोकाएवढा एक कण चमकत होता.

"सोने," तो म्हणाला आणि हात झटकून टाकला.

त्याचे वडील ओरेरो होते. ओरेरो म्हणजे नदीच्या रेतीतून सोने धुणारे. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी असतात, त्यांच्या जातीचा धंदा, फक्त नदी हीच सराफाची पेढी. ओसात सोने सापडू लागले ते १९३०च्या दशकात. १९७५ साली सरकारने द्वीपकल्पाचा मोठा भाग, सुमारे चारशे चौरस किलोमीटर, कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला. पुढे आखातापलीकडच्या गोल्फितोमधून केळीची बडी कंपनी १९८०च्या दशकाच्या मध्याला उठून गेली, मजूर बेकार झाले आणि त्यांतले कितीतरी फावडे घेऊन उद्यानातल्या नद्यांवर जाऊन बसले. काठ खणले गेले, पाणी गढूळ झाले, पोटासाठी रानडुकरे आणि तापीर मारले गेले. तापीर हा गेंड्याचा आणि घोड्याचा दूरचा नातलग, छोट्या सोंडेचा, गरीब प्राणी. शेवटी १९८६ साली सरकारने शेकडो ओरेरो उद्यानाबाहेर काढले.

"मी सहा वर्षांचा होतो," वाटाड्या सांगत होता. "आमची झोपडी उद्यानाच्या आतच होती. शिपाई आले तेव्हा आई भात शिजवत होती. भांडे तसेच घेऊन निघालो. वडील नुकसानभरपाई मागायला सान होसेला गेले, तिथल्या बागेत कितीतरी रात्री झोपले."

"मग राग नाही येत?" सौ.नी विचारले.

"कुणाचा, सेन्योरा? तापीराचा?" तो हसला. पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, "वडिलांना येतो. अजून येतो. मला याच रानाने पगार दिला. दोघेही खरे."

२०१४ सालापासून कोर्कोवादोत परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे गावातल्या तरुणांना काम मिळाले. रान राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार १९९७पासून दरवर्षी पैसे देते, आणि त्यासाठी इंधनावरच्या कराचा हिस्सा वापरते. ही युक्ती मला फार पटली. एके काळी बेसुमार तोड झालेल्या या देशाचा निम्म्याहून अधिक भाग आज पुन्हा वनाखाली आहे. पण वाटाड्याची गोष्ट इथे संपत नव्हती.

"२०२० साल आठवते ना?" त्याने विचारले. "विमाने बंद. लॉजला कुलूप. आठ महिने एक पाहुणा नाही. माझा धाकटा भाऊ इथेच वाढपी होता. त्याला दोन मुली. एका रात्री तो वडिलांची जुनी परात घेऊन निघाला. मी दारात उभा राहिलो. म्हटले, मी लोकांना ज्या नद्या दाखवतो त्या तू खणणार? तो म्हणाला, लोक कुठे आहेत?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"बाजूला झालो."

पाऊस ओसरेपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही. भाऊ आता पुन्हा लॉजवर होता. रोज सकाळी आम्हाला कॉफी देणारा तोच, हे तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना मी त्याच्या हातांकडे पाहिले. का पाहिले, मलाच ठाऊक नाही.

पाचव्या दिवशी गोल्फो दुल्से या आखातात होडीने गेलो. नावाचा अर्थ गोड आखात. पाणी खारटच आहे. तिथे दक्षिण ध्रुवाकडून आलेली एक देवमाशीण आपल्या पिलाला घेऊन पोहत होती. पिलू आपल्या एसटीच्या निम्म्याएवढे! त्याने एकदा उडी मारली आणि आम्ही सगळे चिंब भिजलो. सौ.नी टाळ्या वाजवल्या, जशा नातवाच्या बारशाला वाजवल्या होत्या.

परतीच्या दिवशी पावसामुळे विमान लांबले. वाटाड्याचे घर धावपट्टीपासून पाच मिनिटांवर. तो आम्हाला घेऊन गेला. पत्र्याचे छप्पर, पडवीत आरामखुर्ची आणि तीत ऐंशीच्या घरातले त्याचे वडील. आम्ही हिंदुस्थानातून आलो हे कळताच म्हाताऱ्याची नजर सौ.च्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्राच्या वाट्या बोटाने दाखवून त्यांनी काही विचारले.

"सगळे सोने आहे का, म्हणतात," मुलाने सांगितले.

सौ.नी मान डोलावली. साखळीसकट पंधरा ग्रॅम, असेही सांगितले. म्हाताऱ्याने डोळे मिटून बोटे मोजली. चांगला दिवस असला तर एक ग्रॅम मिळायचा, म्हणजे पंधरा चांगले दिवस, असा हिशेब त्यांनी केला. मग विचारले, तुमच्याकडे सगळ्याच बायका घालतात का? लग्नात किती देतात? सौ. मोकळेपणाने सांगत गेल्या. बांगड्या, पाटल्या, तन्मणी, सुनेला काय घातले, सारे. म्हातारा लहान मुलासारखा ऐकत होता. मध्येच त्यांनी खिशातून एक काचेची कुपी काढली. तळाशी पिवळे चार कण. ते विकलेले नव्हते आणि विकायचे नव्हते.

दुरून विमानाची घरघर ऐकू आली. आम्ही उठलो. म्हातारा मुलाला हळूच काही बोलला, तसा मुलगा खाली पाहू लागला.

"काय म्हणाले?" सौ.नी विचारले.

"म्हणतात, नदीत अजून पुष्कळ आहे."